जेवली का?

आमच्या घरात ताट मांडून जेवते ती एकटी घारी. मी आपली उभ्याउभ्या, शिलाई मशीनच्या कडेला ब्रेडचा तुकडा ठेवून, एक डोळा सुईवर आणि एक घास तोंडात, असं उरकते. तिचं मात्र सगळं जागच्या जागी. स्टीलची परात, खाली जुनी चादर, काट्यावर तोललेलं मांस. जरा उशीर झाला तर बाईसाहेब येऊन माझ्या पायावर पंजा ठेवतात आणि मशीन बंद पाडतात. कुत्री आहे की कारखान्याची मुकादम, कळत नाही.

घारी माझी नाही, धाकटीची. धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती आणि मी शाळा सोडून शिवणकाम शिकत होते. त्यामुळे बहीण म्हणायची ती नुसती नात्याला. वेण्या घालण्यापासून मुळाक्षरं गिरवून घेण्यापर्यंत तिचं सगळं मीच केलं. पुढे ती स्वयंपाक शिकली, एका कँटीनला लागली, आणि त्या कँटीनच्या मागच्या दाराशी तिला हे पिवळ्या डोळ्यांचं पिल्लू सापडलं. आता ती मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण आहे. जहाजावर कुत्री नेता येत नाही. बहीणही नेता येत नाही म्हणा.

निघायच्या दिवशी ती जमिनीवर फतकल मारून बसली, घारीचं तोंड मांडीवर घेतलं आणि मला सूचना द्यायला लागली. घारीचं पोट नाजूक, शिजवलेलं तिला मानवत नाही, म्हणून ती तिला कच्चं मांस घालायची. मांस भरपूर, हाड थोडं, काळीज त्याहून थोडं. हाड द्यायचं ते कच्चंच, शिजवलेलं चुकूनही नाही, त्याच्या सुया होतात आणि आतून टोचतात. आणलेलं आधी बर्फात ठेवायचं, मग द्यायचं. आणि रोज तेच ते नको, फिरवून फिरवून द्यायचं. खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता तरी हिचं संपेना. शेवटी उठली, घारीच्या कपाळाची पापी घेतली, माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, "येते." कुत्रीला भाषण आणि मला एक शब्द. तो शब्द मी पुढे कित्येक दिवस चघळत होते.

धाकटी घारीसाठी पाकिटं आणायची. प्राण्यांच्या दुकानात गोठवलेलं कच्चं मांस मिळतं, सगळं प्रमाणात कालवलेलं, वर हसऱ्या कुत्र्याचं चित्र. मी पहिल्यांदा गेले आणि भाव ऐकून दुकानदाराला विचारलं, यात कुत्र्याचं शिक्षणपण येतं का? तो हसला नाही. मी हात हलवत परत आले.

आता खरं म्हणजे धाकटी दर महिन्याला खाण्यासाठी म्हणून पैसे पाठवायची. पण मी त्यांना हात लावत नव्हते. माझं गणित सोपं होतं. ती जितक्या लवकर साठवेल तितक्या लवकर जहाज सोडेल आणि घरी येईल. तिने पाठवलेलं मी तिच्याच नावाने बाजूला ठेवत होते, आणि घारीला माझ्या शिलाईतून पोसत होते. आता माझी शिलाई म्हणजे काय, कुणाची पँट कमरेत सैल कर, कुणाची चेन बदल. त्यात हसऱ्या कुत्र्याचं पाकीट बसत नाही.

पण मी कपड्यातली बाई. अख्खा तागा गिऱ्हाइकाचा आणि कातरण आपली, हे मला कुणी शिकवायला नको. मी खाटकाकडे गेले आणि सरळ विचारलं, "तुमची कातरण कुठे जाते?"

त्याला आधी कळेना. मग मी बोट दाखवून दाखवून सांगितलं. कोंबडीच्या माना, पाय, काळीज, फुप्फुसाचे तुकडे, खिमा करताना बाजूला काढलेलं पातळ मांस, जे जे गिऱ्हाईक नाक मुरडून मागे ठेवतं ते. तो म्हणाला, हे तर आम्ही जवळजवळ फेकतोच. मी म्हटलं, मग जवळजवळ फुकट द्या. आमचं जमलं. आता त्याच्या दुकानात आकड्याला एक वेगळी पिशवी लटकलेली असते आणि मी पायरी चढले की तो आत हाक मारतो, टेलरबाईंची कातरण काढा. मटणाच्या रांगेतले लोक वळून बघतात. बघू देत.

एकदाच मी फसले. न धुतलेली वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट, कुत्र्याला फार चांगली, असं धाकटी म्हणाली होती. ती आणली त्या दिवशी घराला असा काही वास सुटला की गिऱ्हाइकं कपडे दारातूनच आत फेकून गेली. एक बाई तर बदललेली चेन न तपासता पैसे देऊन पळाली. घारी मात्र त्या दिवशी परात चाटून चाटून भिंतीपर्यंत ढकलत गेली.

आणलं की कापायच्या टेबलावर प्लास्टिक पसरायचं, वाटे करायचे, पिशव्या बांधायच्या आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात रचायच्या. ओल्या पिशवीवर खडू उठत नाही, म्हणून मी दोऱ्याने खूण करायला लागले. लाल दोरा म्हणजे काळीज, निळा म्हणजे बिनहाडाचं, पांढरा म्हणजे माना. सकाळी कप्पा उघडला की रिळांचा डबा उघडल्यासारखं वाटायचं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. माझ्या स्वतःच्या कप्प्यात अर्धा कांदा आणि ब्रेड. आपल्याला काय, आपलं कोण बघतंय.

धाकटीचा फोन यायचा तो जहाज किनाऱ्याजवळ आलं की, बहुतेक दुपारचा. येणार असा अंदाज असला की मी मशीनवर बसायचीच नाही, खडखडाटात घंटा ऐकू आली नाही तर? लाईन तिच्या जहाजापेक्षा जुनी असावी. इकडून बोललेलं तिकडे पोचायला वेळ लागायचा, आणि तिकडून येताना स आणि श वाटेतच बुडायचे. "समुद्र शांत आहे" म्हणाली की मला "मुद्र आंत आहे" ऐकू यायचं. साखर, साबण, शनिवार, सगळ्यांची मुंडकी उडालेली. पहिल्यांदा मी घाबरले, हिचा पुढचा दात पडला की काय. मग सवय झाली.

आणि फोन उचलल्या उचलल्या तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवली का?"

कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. जेवली का. घारीचं नावही घ्यायची गरज नाही, जणू या घरात जेवणारी एकच. मी ओठ आवळायचे आणि पाढा म्हणायला लागायचे. हो, जेवली. दोन माना, थोडं काळीज, वरून कच्चं अंडं. मग ती म्हणायची, "बरं." त्या "बरं"मध्ये तिचा आवाज जरा पडायचा. मला वाटायचं, कुत्रीची आठवण येते. यायचीच. तिचं तरी कुणी आहे का तिथे.

मला तिची आठवण येते, हे मी तिला कधी म्हटलं नाही. येते, आणि भलत्याच वेळी येते. ब्रेड कापताना हात चौथ्या तुकड्याकडे जातो, कारण दोन तिचे असायचे. जिन्यात कुणी दोन दोन पायऱ्या गाळत चढलं की मी दोरा तोंडात तसाच धरून ऐकत राहते. ती आलेली नसते, वरच्या मजल्यावर जाणारा पोस्टमन असतो. तिच्या पलंगावरची चादर मी दर आठवड्याला बदलते. त्यावर कुणी झोपलेलं नसतं, तरी बदलते. हे सगळं फोनवर कसं सांगायचं? तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ती विचारायची कुत्रीचं.

घारीचं तोंड हल्ली पांढरं व्हायला लागलं होतं. जिना चढताना मध्येच थांबायची आणि मी बघत नाही ना, हे बघायची. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं करायचे, तेवढीच तिची लाज झाकायला. आणि मनात एकच यायचं. घारी आहे तोवर फोन आहे. ही गेली की धाकटी कशाला फोन करेल? कुणाचं विचारायला? म्हणून मी तिला डोळ्यात तेल घालून जपत होते. माया होतीच, पण भीती मायेपेक्षा मोठी होती.

आणि तरी घोळ घातलाच.

झालं असं की माना सगळ्यात स्वस्त. आणि घारीला त्या चावायला आवडायच्या, कडाकडा आवाज करत खायची, बघायलाही बरं वाटायचं. त्यात खाटकाकडे बिनहाडाची कातरण कमी यायला लागली, तो म्हणाला हल्ली लोक काही सोडत नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, मानाच द्या. फ्रिजचा कप्पा हळूहळू सगळा पांढऱ्या दोऱ्याचा झाला. निळा दोरा बघायला मिळेना आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आले की एकाच बाजूने कापत गेलं तर कापड तिरकं जातं. इथे माझ्याच टेबलावर तिरकं गेलं.

एका सकाळी घारीने परात हुंगली आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, नखरे. दुपारी परत ठेवली. नाही. संध्याकाळी अंडं फोडून घातलं, हातावर काळीज घेऊन नाकापाशी नेलं. तिने माझा हात चाटला, काळीज नाही. फिरायला गेलो तर बिचारी जागच्या जागी वाकून बसत होती, जोर करत होती, आणि काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला उचलून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. उचलून म्हणजे, अर्धा रस्ता मी तिला आणि अर्धा रस्ता भिंतीने मला. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, काय घालता? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाई, हाडं फार झाली, आत दगड होऊन बसलंय. औषध दिलं. काही दिवस हाड बंद, नुसता खिमा, आणि त्यात उकडलेला लाल भोपळा. दोन दिवसांत पोट मोकळं झालं नाही तर परत आणा, आणि आता वय झालंय तिचं, हे लक्षात ठेवा. शेवटचं वाक्य ते हात धुता धुता म्हणाले. मी घरी येईपर्यंत तेच ऐकत होते.

घरी येऊन भोपळा उकडला, खिमा आणला, कालवला. घारी परातीपाशी आलीच नाही. तिच्या चादरीवर आडवी पडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मशीनवर कापड ओढलं, सोडून दिलं. ब्रेडचं पाकीट उघडून परत बांधून ठेवलं. दिवस तसाच गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलेली असताना, फोन वाजला.

खोटं बोलावं असं आलं होतं मनात. जेवली म्हणावं, दोन माना म्हणावं, एक फोन तरी वाचवावा. पण घारी माझ्याकडेच बघत होती.

"जेवली का?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"का? काय झालं?"

"परवापासून तोंडाला काही लावलेलं नाही. पाणी तेवढं पिते. नुसती पडून आहे."

"डॉक्टरकडे?"

"जाऊन आलो काल. हाडं फार झाली म्हणाले. माना खाऊन खाऊन पोटात दगड झालाय."

मग तिचा आवाज आला, आणि तो धाकटीचा नव्हता. वेणी घालताना केस ओढले गेले की रडायची त्या पोरीचा होता.

"ताई, तू माना खाते? घारीच्या?"

मला काही समजेना. मी म्हटलं, काय बडबडतेयस, मी कशाला माना खाऊ, मी घारीचं सांगतेय. तिने विचारलं, मग तुला काय झालंय? मी म्हटलं, मला काय होतंय, मी धडधाकट आहे. मग परवापासून कोण जेवलं नाही? घारी. आणि तू? माझं काय मध्येच, मी चिडून म्हणाले, तू घारीचं विचारलंस, मी घारीचं सांगितलं.

"मी तुझं विचारलं," धाकटी म्हणाली. "तुलाच विचारते. जेवली का?"

"हे बघ. मला विचारायचं असतं तर जेवलीस म्हणाली असतीस. तू म्हणतेस जेवली. आज पहिल्यांदा नाही, पहिल्या फोनपासून तेच म्हणतेस. मी बहिरी नाही."

"मी तेच म्हणते!"

"काय?"

"जेवली... का."

तिने परत म्हटलं, तुकडे पाडून, जोर देऊन. मधे एक लहानशी पोकळी ऐकू आली, सुईच्या नेढ्याएवढी, आणि मग "का". तीही चिडली असावी. जहाजावरची माणसं बघत असतील, तरी ती ओरडून म्हणाली, "ताई, ह च्या आधी काय येतं? तूच गिरवून घ्यायची!"

मी मनातल्या मनात म्हणायला लागले. श. ष. स. ह.

स.

मी भिंतीला टेकले. घारीने कान उचलला. म्हणजे इतके महिने ती विचारत होती, जेवलीस का, आणि त्यातला माझा भाग पाण्यात बुडत होता. आणि मी तिला माना आणि काळीज ऐकवत होते. मी विचारलं, मग तू कधी म्हणाली का नाहीस, की कुत्रीचं कोण विचारतंय? ती म्हणाली, तिला वाटायचं मी टाळतेय. मी नेहमी असंच करत आले, म्हणाली. लहानपणी तिने विचारलं, ताई तू खाल्लंस का, तर मी म्हणायचे, तुझं झाकून ठेवलंय. स्वतःचं विचारलं की दुसऱ्याचं सांगायचं. म्हणून ती "बरं" म्हणायची आणि फोन ठेवून रडायची.

खरंच होतं ते.

"घारी तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तिची काय काळजी? तू कोणाकडे आहे?"

इथे माझा बांध फुटला. मी तिला सगळं सांगून टाकलं, ब्रेडच्या तुकड्यांचं, जिन्याचं, चादरीचं. तुझी फार आठवण येते, असंही म्हणाले, साध्या शब्दांत, आणि ते वाक्य तिकडे पोचायची वाट बघितली. तिने पाठवलेले पैसे तसेच बाजूला आहेत, ती लवकर यावी म्हणून, हेही सांगितलं. तर ती रडता रडता हसायला लागली. ते पैसे घारीचे नव्हतेच म्हणाली, दोघींच्या खाण्याचे होते. आणि मग तिने तिचं सांगितलं, जे सांगायला ती कधीपासून धीर गोळा करत होती. जहाज इतक्यात परत फिरत नाही. अजून एक लांबची फेरी आहे, सही करून झाली आहे. चादर अजून पुष्कळ वेळा बदलावी लागणार.

मी "बरं" म्हणाले. माझाही आवाज पडला असणार.

"ऊठ," धाकटी म्हणाली. "काहीतरी करून घे. मी थांबते. फोन ठेवू नको."

मी म्हटलं, तुझे पैसे जातील. ती म्हणाली, जाऊ दे.

घरात होतं ते घारीच्या वाट्याचं एक अंडं आणि माझा ब्रेड. फोन खांद्यात धरून मी तव्यावर अंडं फोडलं. ती तिकडून विचारत होती, तेल घातलं का, कांदा आहे का. अर्धा आहे म्हटलं. तो पण घाल, म्हणाली. मग मी ताट घेतलं. खरंखुरं ताट, कपाटातलं, ती गेल्यापासून न काढलेलं. ते धुतलं, पुसलं, आणि मशीनपाशी न जाता कापायच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. फोन समोर ठेवला, आवाज मोठा केला. तिकडे जहाजाच्या इंजिनाची घरघर होती आणि चमच्याचा आवाज. तीही घेऊन बसली होती. मी चावत होते, ती चावत होती. आईच्या मागे आम्ही दोघी अशाच जेवायचो, एकमेकींच्या ताटात बघत. इतकं चवदार अंडं मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, त्यामुळे मिठाचंही बघावं लागलं नाही.

मागे नखांचा आवाज झाला. घारी उठली होती. हळूहळू आली, माझ्या पायावर पंजा ठेवला, जसं काही उशीर झाला होता. मी तिची भोपळ्याची परात टेबलाखाली ओढली. ती हुंगत उभी राहिली. खाईल, न खाईल. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर तिला लाज वाटते.

ताट रिकामं झालं. मी ब्रेडच्या कडेने ते पुसून घेतलं. फोनमधून धाकटीने विचारलं, नेहमीच्याच स्वरात, नेहमीच्याच त्या बुडलेल्या अक्षरासकट.

"जेवली का?"

इतके महिने जे म्हणत आले तेच सवयीने ओठांवर आलं होतं. मी ते परत घेतलं.

"जेवले," मी म्हणाले.